"माझ्या हाताला झाडंच जगत नाहीत" आणि घरातल्या हर्ब्सबद्दलचे तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही घरात, म्हणजे बागेत नाही गच्चीत नाही, चार भिंतींच्या आत कुंडीत हर्ब्स (म्हणजे बेसिल, पुदिना, कोथिंबीर यांसारखी स्वयंपाकात वापरायची सुवासिक झाडं) लावणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. भरपूर आले. वाचताना एक गोष्ट मनाला लागली, कितीतरी जणांनी सुरुवातच अशी केलीये की माझ्या हाताला गुण नाही, मी लावलेलं काही जगत नाही. म्हणून तोच प्रश्न आधी घेते आणि जरा सविस्तर घेते, कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: ताई, मी आत्तापर्यंत चार वेळा बेसिल आणि दोन वेळा पुदिना लावला. प्रत्येक वेळी पहिले दोन आठवडे छान, मग काड्या लांब लांब होतात, पानं पिवळी पडतात आणि महिन्याभरात सगळं संपतं. कुंडी हॉलमधल्या शेल्फवर आहे, तिथे दिवसभर चांगला उजेड असतो, लाइट न लावता पेपर वाचता येतो. पाणी रोज न चुकता घालते. घरचे म्हणतात तुझा हातगुणच नाही. आता सोडून द्यावं का?

अजिबात सोडू नका, आणि हातगुण वगैरे मनातून काढून टाका. तुम्ही रोज न चुकता पाणी घालताय म्हणजे तुम्हाला त्या झाडांची काळजी आहे, फक्त तुमचे डोळे तुम्हाला फसवतायत आणि ते सगळ्यांनाच फसवतात.

बघा, बाहेर भर उन्हात साधारण 1 लाख लक्स उजेड असतो. लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. ऑफिसमध्ये टेबलावर काम करायला 300 ते 500 लक्स पुरतो आणि तुमच्या हॉलमधल्या शेल्फवर, खिडकीपासून लांब, बहुतेक त्याहूनही कमी असेल. आपल्या डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, मेंदू सगळं जुळवून घेतो, म्हणून आपल्याला दोन्हीकडे "छान उजेड आहे" असंच वाटतं. झाडाकडे असली सोय नाही. त्याला उजेडातूनच अन्न बनवायचं असतं, आणि बेसिल तर दिवसाला सहा तास तरी ऊन मागणारं झाड आहे. पेपर वाचता येतो तेवढ्या उजेडात ते जगत नाही, ते हळूहळू उपाशी मरतं.

काड्या लांब झाल्या म्हणजे वाढ चांगली आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, ते तसं नाहीये. झाड उजेड शोधत पळतंय, म्हणून त्या लांब होतात. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढत जातं, खोड बारीक आणि मऊ राहतं, पानं फिकट होतात. हे दिसलं की लगेच ओळखायचं, उजेड कमी पडतोय.

आता तुमचं रोजचं पाणी. उजेड कमी म्हणजे झाडाचं काम मंद, काम मंद म्हणजे पाणी कमी लागतं, पण तुम्ही तर तेवढंच घालताय. माती कायम ओली, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजायला लागतात, पानं पिवळी पडतात, आणि पिवळी पानं बघून माणूस काय करतो तर अजून थोडं पाणी घालतो. सहाच्या सहा वेळा तुमच्याकडे हेच झालं असणार असं मला वाटतं, तुमचा हात होता तसाच होता, शेल्फ चुकीचं होतं.

मग करायचं काय. कुंडी उचला आणि खिडकीच्या काठावर ठेवा, म्हणजे अगदी काचेला लागून, खिडकीच्या "जवळ" नाही, कारण खिडकीपासून दीड दोन मीटर आत गेलं की उजेड खूपच कमी झालेला असतो. कुठली खिडकी? उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांना दक्षिणेकडची सगळ्यात चांगली, दक्षिण गोलार्धात बरोब्बर उलटं. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन येतं, ते पुदिना, पार्सली, कोथिंबीर यांना छान मानवतं. पश्चिमेचं ऊन तापट असतं, चालतं, पण मग कुंडी लवकर सुकते तेवढं लक्ष ठेवायचं. एक सोपी टेस्ट सांगते, दुपारी कुंडीच्या जागी कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड स्वच्छ कापल्यासारखी दिसली तर जागा उत्तम, धूसर दिसली तर पुदिना-पार्सलीसारखी भागवून घेणारी झाडं ठेवा, सावली जवळजवळ पडतच नसेल तर तिथे हर्ब्स नकोत. मोबाइलवर लक्स मोजायची अ‍ॅप्स मिळतात, ती फार अचूक नसतात पण शेल्फ आणि खिडकी यातला फरक दाखवायला पुरतात, एकदा मोजून बघाच, धक्का बसेल.

आणि हो, काच पुसा. धुळीची काच आणि जाड पडदा दोन्ही मिळून बराच उजेड खातात. कुंडी दर दोन तीन दिवसांनी थोडी फिरवत चला, नाहीतर झाड एकाच बाजूला झुकतं.

प्रश्न: आमच्या घरात ऊन येणारी एकही खिडकी नाही. ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, घ्यायचा विचार आहे. तो जांभळाच घ्यावा लागतो का? आणि रात्रभर चालू ठेवला तर वाढ दुप्पट होईल का?

जांभळा घ्यायची काही गरज नाही. हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं हे खरं, म्हणून ते जांभळे दिवे निघाले, पण पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही रंग असतातच, हिरवा उजेडही झाड वापरतं, आणि पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो त्यामुळे कीड, पिवळेपणा लवकर कळतो. माझं मत विचाराल तर पांढराच घ्या, 5000 ते 6500 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) असं लिहिलेला.

खरी गंमत अंतरात आहे. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. त्यामुळे छताला लावलेला कितीही भारी दिवा असला तरी खाली टेबलावरच्या कुंडीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. दिवा शेंड्यापासून 15 ते 30 सेंटिमीटरवर पाहिजे आणि झाड वाढेल तसा वर सरकवता आला पाहिजे. हात शेंड्याजवळ धरून बघा, गरम लागलं तर दिवा जरा वर.

रात्रभर नको. दिवसाला 14 तासांच्या आसपास ठेवा, टायमर लावून टाका म्हणजे विसरायला होत नाही. अंधाराच्या वेळातही झाडाची कामं चालू असतात. कोथिंबिरीचं तर अजून वेगळं, दिवस लांब झाला असं तिला वाटलं की ती पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागते, तिला 12 तास पुरे.

प्रश्न: प्रत्येक हर्बला किती दिवसांनी पाणी घालायचं याचा एक तक्ता द्याल का? फ्रिजवर लावून ठेवीन.

तक्ता मी मुद्दाम देत नाहीये, राग मानू नका. तोच पुदिना खिडकीत रोज पाणी मागेल आणि ढगाळ आठवड्यात चार दिवस मागणार नाही. मातीच्या कुंडीतून पाणी भिंतीतून उडून जातं, प्लॅस्टिकच्या कुंडीत तसंच राहतं. कुंडी मोठी आणि रोप इवलंसं असेल तर माती आठवडाभर ओलीच राहते, म्हणून फार मोठी कुंडी एकदम घेऊ नये असं मी सांगत असते.

शेतकऱ्यांचा एक शब्द आहे, वाफसा. मातीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी जी स्थिती असते ना, ती. मुळांना पाण्याइतकाच ऑक्सिजन लागतो, मातीतल्या सगळ्या फटी पाण्यानी भरल्या की मुळं गुदमरतात. कुंडीतसुद्धा आपल्याला वाफसाच सांभाळायचा आहे. बोट पेरभर, म्हणजे 2-3 सेंटिमीटर मातीत घाला. ओल लागली, माती बोटाला चिकटली, तर थांबा. कोरडं लागलं तर पाणी द्या, आणि द्याल तेव्हा घोटभर देऊ नका, खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या, मग ताटलीतलं साचलेलं पाणी ओतून टाका. आठवडाभर हे केलं की कुंडी नुसती उचलून वजनावरून कळायला लागतं, मला तरी हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

एवढं मात्र वेगळं लक्षात ठेवा, रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो ही भूमध्य समुद्राकाठची, खडकाळ कोरड्या जमिनीतली झाडं, त्यांना दोन पाण्यांच्या मध्ये माती चांगली सुकलेली आवडते. पुदिना, पार्सली, बेसिल यांना तसं सुकलेलं चालत नाही. त्यामुळे रोझमेरी आणि पुदिना एका कुंडीत कधीच नको, कितीही सुंदर दिसत असलं तरी. पुदिना तर कुणाबरोबरच नको, त्याचे धावते कोंब मातीखालून सगळी कुंडी व्यापतात.

माती ओली आहे आणि तरी झाड मान टाकतंय, असं दिसलं तर ती तहान नसते. मुळं कुजली की वर पाणी चढतच नाही. अशा वेळी पाणी बंद, रोप बाहेर काढून तपकिरी, मऊ, वास येणारी मुळं कापायची आणि नव्या मातीत लावायचं, लवकर लक्षात आलं तर वाचतं.

प्रश्न: माझ्याकडे सुंदर चिनीमातीच्या कुंड्या आहेत पण त्यांना खाली भोक नाही. तळाला खडे भरले तर चालेल ना? सगळीकडे तसंच सांगतात.

नाही चालणार. हे मी कळवळून सांगतेय, कारण माझी पहिली रोझमेरी मी अशीच घालवली. भोक नसलेली कुंडी, खाली छान चार बोटं खडे, आणि मनात खात्री की जास्तीचं पाणी खड्यांत उतरेल. दीड महिन्यांनी काढली तर मुळांचा चिखल झाला होता, फार वाईट वाटलं होतं मला.

होतं असं की बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहजासहजी उतरत नाही. माती पाणी धरून ठेवते, खालचा थर पूर्ण भिजेपर्यंत ते खड्यांत जातच नाही, म्हणजे खडे भरून आपण तो ओला थर मुळांच्या अजून जवळ आणून ठेवतो. शिवाय भोक नाही म्हणजे जे उतरलं ते तिथेच सडतं. तुमच्या सुंदर कुंड्या टाकू नका, साध्या भोकाच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत झाड लावा आणि ती कुंडी आत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा, निथळलं की परत आत.

माती कुठली तेही लगे हात सांगते. बागेतली नुसती माती कुंडीत घट्ट बसते, नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) असं भुसभुशीत मिश्रण करा, रोझमेरीसारख्यांसाठी त्यात जाडी वाळू किंवा परलाइट वाढवा. नुसतं कोकोपीट वापरत असाल तर त्यात अन्न जवळजवळ नसतं हे विसरू नका.

प्रश्न: विकत आणलेली बेसिलची कुंडी किती गच्च आणि हिरवीगार असते, पण घरी दोन आठवड्यांत तिचा पार पाचोळा होतो. असं का?

कारण ती एक बेसिल नसतेच. माती बाजूला करून मोजा, एका छोट्या कुंडीत पंधरा वीस रोपं दाटीवाटीनं उगवलेली असतात, लगेच गच्च दिसावी म्हणून. त्यांना तिथे पुढे वाढायला जागाच नसते. आणल्या आणल्या कुंडी भिजवा, मुळांचा गोळा हातानी हळूच चार भागांत सोडवा, प्रत्येक भागातली किडकिडीत रोपं काढून दणकट तेवढी ठेवा आणि वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. दोन तीन दिवस मलूल दिसतील, मोठी पानं थोडी कमी करा म्हणजे ताण कमी येतो. मग ती कुंडी काही महिने चालते.

प्रश्न: पानं कशी तोडायची? मी खालची मोठी मोठी तोडते, वरची कोवळी वाढू देते, तरी झाड झाडूच्या काडीसारखं झालंय.

तेच तर उलटं करायचं! वरून खुडा. बेसिल, पुदिना, ओरेगॅनो यांच्यात प्रत्येक पेरावर पानांची जोडी असते आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो. जोपर्यंत शेंडा शाबूत आहे तोपर्यंत तो खालच्या डोळ्यांना उठू देत नाही. शेंडा पानांच्या जोडीच्या जरासा वर खुडला की दोन्ही डोळे फुटतात, एका फांदीच्या दोन होतात, परत खुडलं की चार. रोप वीतभर झालं की पहिला शेंडा खुडायचा, जीव खालीवर होतो पण खुडायचाच. खालची मोठी पानं झाडाचं स्वयंपाकघर आहे, तुम्ही तेच काढून नेत होतात.

एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नको. बेसिलला मंजिरी यायला लागली की ती लगेच काढा, फुलांकडे गेलं की नवी पानं कमी आणि चव कडवट. पार्सली-कोथिंबिरीचं वेगळं, त्यांची पानं मधून फुटतात म्हणून बाहेरच्या काड्या बुडापासून कापायच्या आणि मधला कोंब सोडायचा. रोझमेरीची हिरवी, लवचिक टोकंच कापा, खालच्या जुन्या लाकडापर्यंत गेलात तर तिथून सहसा परत फुटत नाही.

प्रश्न: कोथिंबीर उगवतच नाही, आणि एकदा उगवली तेव्हा रोपं मोठ्या कुंडीत हलवली तर सगळी फुलावर आली.

धणा दिसतो एक पण त्यात दोन बिया असतात. लाटण्यानी किंवा तळहातानी हलके रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करा, पीठ नको करू, मग काही तास भिजवून 1 सेंटिमीटर खोल पेरा. एक ते तीन आठवडे लागतात, तोवर ओल टिकवा आणि धीर धरा. पार्सलीला तर तीन चार आठवडे पण लागतात, लोक कंटाळून कुंडी ओतून टाकतात आणि बी बिचारं उगवायच्या बेतात असतं.

हलवायची मात्र नाही. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, ते दुखावलं किंवा खोली फार तापली की तिला वाटतं आपली वेळ संपत आली आणि ती बी धरायच्या घाईला लागते. खोल कुंडीत, जिथे वाढवायची तिथेच पेरा, आणि दर दोन तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरत राहा, कारण एकच कुंडी वर्षभर पानं देईल असं हे झाडच नाही.

प्रश्न: कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडतात, खूप वैताग आलाय. औषध मारू का? पानं खायची आहेत म्हणून भीती वाटते.

औषधाआधी पाणी कमी करा. ती चिलटं वरच्या ओल्या मातीत अंडी घालतात, अळ्या तिथली बुरशी आणि कोवळी मुळं खातात. वरचा 2-3 सेंटिमीटर थर प्रत्येक वेळी सुकू दिला की त्यांचं घरच मोडतं. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद कुंडीत खोचा. एक पिढी साधारण तीन चार आठवड्यांची असते, त्यामुळे चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडू नका, महिनाभर चिकाटी ठेवा. फारच झाली असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस नावाचा जिवाणू मिळतो, बीटीआय म्हणून, तो पाण्यातून मातीला देतात, अळ्यांवर काम करतो.

पानांवर मावा किंवा लाल कोळी असेल तर आधी नळाखाली धरून पानांची खालची बाजू नीट धुवा, निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी कीटकनाशक साबण, पाकिटावर खाण्याच्या झाडांना चालतो असं लिहिलेला, आणि तोडायच्या आधी किती दिवस थांबायचं तेही पाकिटावर असतं ते पाळायचं. शोभेच्या झाडांची औषधं हर्ब्सवर कधीच मारू नका, याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

प्रश्न: रोझमेरीवर पांढरी पावडर आलीये. मी पानांवर पाणीही मारत नाही, तरी कशी?

ती भुरी, एक प्रकारची बुरशी. तिला पान ओलं लागतच नाही, कोंदट, न हलणारी हवा पुरते. लागलेल्या काड्या कापा, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, शक्य तेवढ्या उजेडात न्या, दिवसातून काही वेळ खिडकी उघडा किंवा छोटा पंखा लावा. खत जास्त देत असाल तर थांबवा. रोझमेरी, थाइमला खत जास्त झालं की नुसती मऊ मऊ वाढ होते आणि वास पातळ होतो, खूप जण प्रेमापोटी हे करतात. (बियांच्या पाकिटावर साल्विया रोझमॅरिनस लिहिलं असेल तर गोंधळू नका, ती रोझमेरीच आहे, 2017 च्या अभ्यासानंतर तिला सेजच्या साल्विया गटात घेतलंय.)

प्रश्न: तोडलेलं बेसिल फ्रिजमध्ये काळं का पडतं?

थंडीनं. ते उष्ण प्रदेशातलं झाड, 10 अंशांच्या खालची थंडी त्याच्या पानांना सोसत नाही. काड्या पाण्याच्या ग्लासात घालून ओट्यावर ठेवा, उन्हात नको. कोथिंबीर-पार्सलीला मात्र फ्रिजच बरा.

प्रश्न: मी पाचवीत आहे. मी पुदिन्याची काडी पाण्याच्या बाटलीत ठेवली होती, तिला पांढरी मुळं आली! आता ती कायम पाण्यातच ठेवली तर चालेल का?

अरे वा, मस्त! चालेल, पण तीन गोष्टी करशील का? पाणी दर तीन चार दिवसांनी बदल, कारण पाण्यातला ऑक्सिजन संपतो. पाण्यात बुडालेली पानं काढून टाक, ती सडतात. आणि बाटलीला बाहेरून जाड कागद गुंडाळ, उजेड आत गेला की हिरवं शेवाळ होतं. नुसत्या पाण्यात अन्न नसतं म्हणून काही आठवड्यांनी वाढ मंदावेल, मग मोठ्यांच्या मदतीनं पाण्यात घालायचं खत अगदी थोडंसं टाकायचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं.

मातीत लावायचा असेल तर मुळं तुझ्या करंगळीएवढी झाली की लाव, फार लांब होईपर्यंत थांबू नको. पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, त्यांना मातीची सवय नसते, म्हणून पहिला आठवडाभर माती बाकीच्यांपेक्षा जरा जास्त ओली ठेव आणि कुंडी कडक उन्हात ठेवू नको. वर नवीन पान फुटलं की समज मुळं मातीत रुजली. आणि अजून एक काडी पाण्यात टाकून ठेव, म्हणजे दोन्हींत कुठली जास्त वाढते ते तुला बघता येईल. आम्हाला कळव.